बाळंतिणीचं पाणी

आमच्या धरणाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर येत्या रविवारी आणखी दहा गाड्या वाढतील, आणि ते पाप माझ्या माथी नको. परभणी जिल्ह्यात आहे, जिंतूरच्या अंगाला, एवढं पुरे. ज्यांना ठाऊक आहे ते जाऊन आलेत. ज्यांना नाही त्यांच्यासाठी मोबाईलवर फोटोंचा खच पडलाय: लाकडी धक्का, त्याच्या कठड्यावर टांगलेली नारंगी जॅकिटं, मागे निळंशार पाणी आणि पुढे दोन बोटं वर करून उभी असलेली माणसं. फोटो छान येतो, यात वाद नाही. मला मात्र तो दिसला की अंगाची आग होते. ती माणसं जिथे उभी असतात तिथे आमच्या गावात कुणी मोठ्यानं बोलतसुद्धा नव्हतं.

आम्ही भोई, पिढीजात मासे धरणारे. जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा मी जन्मले नव्हते. ज्यांची शेती होती त्यांना कुठे ना कुठे जमीन मिळाली. आमची शेतीच नव्हती. माझे वडील म्हणायचे, ‘‘बाकीच्याला सरकारनं कागद दिलाय, आपल्याला तळं दिलंय,’’ आणि हे ते हसत हसत म्हणायचे, त्यांना खरंच तसं वाटायचं. वडील आता नाहीत. माय, माझा मोठा भाऊ आणि वैनी गावातच राहतात. मी परभणीत एका शाळेत शिकवते आणि सुट्टी लागली की जिंतूरची एसटी धरते. गावात मला सगळे ‘बाई’ म्हणतात, दादासुद्धा. चार बुकं शिकल्याची ही शिक्षा.

तळ्याला दोन ओढे येऊन मिळतात, एक गावाच्या अलीकडे आणि एक पलीकडे. ओढ्याच्या तोंडाशी पाणी उथळ असतं, गवतानं आणि लव्हाळ्यानं भरलेलं. पावसाळ्यात ओढ्याला लोंढा आला की मोठ्या पाण्यातले मासे अंडी घालायला तिथे चढतात. या दोन्ही जागांना आमच्यात ‘बाळंतिणीचं पाणी’ म्हणतात. तिथे जाळं टाकायचं नाही. पावसाळ्यात नाही, उन्हाळ्यातही नाही, कधीच नाही. धुणं धुवायचं नाही, म्हशी बसवायच्या नाहीत, पोरांनी दगड मारायचा नाही. हा नियम नदीवरच्या जुन्या गावापासून चालत आलेला, कुणी घालून दिला ते कुणाला माहीत नाही, आणि कुणी कधी विचारलंही नाही. मरळीची पिल्लं लालसर असतात. एकमेकांना चिकटून ती वर येतात तेव्हा पाण्यावर कुंकू सांडल्यासारखं दिसतं, आणि खाली त्यांची माय पहारा देत फिरत असते. तो लाल डाग दिसला की आम्ही पोरं आपोआप गप्प व्हायचो. परगावचा कुणी गळ टाकून बसलेला दिसला तर माय पदर खोचून निघायची. ‘‘बाळंतिणीच्या खोलीत शिरतूस व्हय रं, मुडद्या?’’ असा तिचा आवाज आला की तो बिचारा गळ तिथंच टाकून पळायचा.

एवढ्या दोन जागा सोडल्या की बाकीचं तळं वर्षभर आम्हाला पुरायचं. अगदी भरभरून नाही, पण पुरायचं. पाऊस दगा देऊन तळं आटलं, त्या एका वर्षी मात्र दादा आणि वैनी ऊसतोडीला गेले होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिथली मोजणी. माणसं मोजतच नाहीत. वैनीनं तिथे काय सोसलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. परत आल्यावर मायच्या पुढ्यात बसून ती एवढंच म्हणाली, ‘‘आत्याबाई, पाणी पिऊन ऱ्हाईन, पन फडात न्हाई जायची.’’ दादानं मान हलवली. पाण्याजवळ राहायचं, काहीही झालं तरी पाण्याजवळच राहायचं, हे त्या दोघांनी त्या दिवशी ठरवलं, आणि पुढचं सगळं त्याचसाठी चाललं होतं.

आता कुणी म्हणेल, बाईंना पर्यटनच नको. तसं नाही हो. पहिल्यांदा शाळेची सहल तिथे मीच नेली. परभणीची मुलं, एवढं पाणी बघून वेडी झाली. हळूहळू लोक यायला लागले. मोटारसायकलवर पोरं यायची, सुट्टीला कुटुंबं यायची, विद्यापीठातली मंडळी दुर्बिणी घेऊन हिवाळ्यातले पक्षी बघायला यायची. वैनीनं काठावर तुराट्यांचं छप्पर घातलं, चूल मांडली आणि मरळ तळून द्यायला सुरुवात केली. सोबत ज्वारीची भाकर आणि ठेचा. तिच्या हाताला चव होतीच, पण तोंडही होतं. ‘‘खाऊन झाल्यावर पत्रावळी माझ्या हातात द्याच्या, तळ्याच्या हातात न्हाई,’’ असं ती भल्याभल्यांना सुनवायची आणि लोक मुकाट्यानं ऐकायचे. शेजारच्या बौद्धवाड्यातल्या दोघीजणी शेंगा आणि चहा घेऊन बसायला लागल्या. मी दिवाळीत गेले की त्या छपराखाली बसून भाकरी थापायला लागायचे आणि वैनी माझ्या भाकरीला नावं ठेवायची. इतकी सुखाची वर्षं आमच्या घरात त्याआधी आली नव्हती. पाहुणे आले, खाऊन गेले, पाणी जसंच्या तसं. असं चालू राहिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

एका दिवाळीच्या सुट्टीत साहेब आले. पर्यटनाची मोठी योजना मंजूर झाली होती आणि जागा पाहायची होती. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर माझ्या रागामुळे तो तसा वाटेल. नम्र होता, वैनीच्या छपराखाली मांडी घालून जेवला, दोनदा ठेचा मागितला. मग म्हणाला, मला सगळं तळं दाखवा. गावाला काय, कौतुकच. दादा पुढे, गाव मागे, आणि त्यांच्यामागे मी. चालत चालत आम्ही अलीकडच्या ओढ्याच्या तोंडाशी आलो. तिथलं पाणी नेहमीसारखंच गप्प, नितळ, काठाला दाट गवत. साहेब जागच्या जागी थांबले.

‘‘काय सुंदर जागा आहे हो! इथं कुणी मासे धरतं का?’’

‘‘न्हाई साहेब!’’ दादा छाती काढून म्हणाला. ‘‘हितं कुनीच जाळं टाकत न्हाई. माझ्या बापानं टाकलं न्हाई, आज्यानं टाकलं न्हाई.’’

‘‘आणि कपडे धुणं, जनावरं वगैरे?’’

‘‘नाव नका काढू साहेब. हितं मानूस सुदीक उतरत न्हाई.’’

मागून सगळ्यांनी री ओढली. कुणीच नाही, कधीच नाही. आम्हाला वाटलं, हे ऐकून तो आमची पाठ थोपटेल. तशी त्यानं थोपटलीही. ‘‘वा, वा,’’ म्हणाला आणि बरोबरच्या माणसाला काहीतरी टिपून घ्यायला सांगितलं. माझीही मान त्या वेळी ताठ झाली होती. आमच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या लोकांनी काय राखलंय बघा, असं मला त्या साहेबाला सांगावंसं वाटलं. पण सांगितलं कुणीच नाही. का राखलंय ते सांगायला हवं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाळंतिणीच्या खोलीबाहेर पाटी लावतात का कुणी?

उन्हाळ्यात ग्रामसभा झाली आणि नकाशा भिंतीवर लागला. धक्का, बोटी, बाग, तंबू, खानावळ, सगळं अलीकडच्या बाळंतिणीच्या पाण्यावर. दादा नकाशाकडे बघतच राहिला. मग उभा राहिला, आणि माझा भाऊ बोलायला उभा राहिलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

‘‘साहेब, ती जागा सोडून कुटंबी करा. तिथं न्हाई.’’

साहेबांना खरंच आश्चर्य वाटलं. ‘‘अहो, तुमच्यासाठीच तर ती निवडली. तुमच्या जाळ्यांना धक्का लागू नये, तुमच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून. तिथं कुणाचाच वापर नाही, असं तुम्हीच सांगितलंत ना?’’

‘‘हौ. आमी वापरत न्हाई.’’

‘‘मग?’’

‘‘वापरत न्हाई म्हनूनच तर वापरतो ना, साहेब!’’

सभा हसली. आमचीच माणसं, पण हसली. दादाचा चेहरा लाल झाला. मी उठले आणि समजावून सांगितलं: मासे तिथे वाढतात, ती जागा गेली तर सगळं तळं रिकामं होईल, धक्का दुसऱ्या काठाला करा, तिथे खडक आहे, पाणीही खोल आहे, आम्ही मदत करू. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, आता मोजणी झाली, मंजुरी झाली, बाई. पुढच्या टप्प्यात बघू. आणि जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, ‘‘वापर असेल तर आधी सांगत चला. वापर दिसला की आम्ही त्या जागेला हातच लावत नाही. तसा नियमच आहे.’’

गावही एक नव्हतं, हे लपवण्यात अर्थ नाही. रस्त्याकडेला ज्यांची शेती होती त्यांना गाड्या लावायच्या जागेचं भाडं दिसत होतं. तरण्या पोरांना नोकऱ्या दिसत होत्या. मी त्यांना काय दोष देऊ? त्यांनाही फडात जायचं नव्हतं, दादाला जायचं नव्हतं तसंच.

त्यानंतर मी परभणीत खेटे घालायला लागले. शाळा सुटली की एकेक कचेरी. माशांचं खातं वेगळं, पाण्याचं खातं वेगळं, पर्यटनाचं वेगळं, आणि प्रत्येकाचं बोट दुसऱ्याच्या दाराकडे. सगळे एकच विचारायचे, पुरावा काय? तिथे तुमचं काय आहे? झोपडी, पाण्याची मोटार, जाळ्याचे खुंट, काहीतरी? मी म्हणायचे, काहीही नाही, हाच पुरावा आहे. समोरचा माणूस माझ्याकडे असा बघायचा की मला वेड लागलंय. एखादी गोष्ट केल्याची पावती मिळते, पिढ्यान्‌पिढ्या न केल्याची कुठे मिळणार? एकदा तर मी एका टेबलावर हात आपटला. शिक्षिका असून असं वागता, म्हणाले. मी म्हटलं, शिक्षिका आहे म्हणून हातच आपटला. बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. काय करावं काही सुचत नव्हतं, आणि दादा रोज फोन करून विचारायचा, ‘‘काय म्हनले, बाई?’’ रोज काय नवीन सांगणार?

दिवाळीनंतर मशीन आलं आणि लव्हाळं उपटून निघालं. काठाला दगड बसवले, मुरूम टाकला, धक्का उभा राहिला. वैनीचं छप्पर अतिक्रमणात गेलं. स्टॉल मिळणार होते, पण ते ज्यांच्या खिशात जोर होता त्यांना मिळाले. त्यातला एक तर जिल्ह्याबाहेरच्या माणसाचा. वैनीला खानावळीत भांडी घासायला या म्हणाले. तिच्याच पद्धतीची मरळ आतला स्वयंपाकी तळायचा, आणि ती मागच्या बाजूला त्या कढया घासायची. शेंगा-चहावाल्या दोघींना तर फाटकाच्या आत पाऊलही टाकू दिलं नाही. आणि दादाला, ज्यानं अख्खी हयात तराफ्यावर काढली त्याला, लोकांच्या छातीवर नारंगी जॅकिटं बांधायचं काम मिळालं. तो ते करायचा. पाण्याजवळ राहायचं होतं ना.

पावसाळ्यात ओढा आला आणि सवयीप्रमाणे मासे चढले. त्यांना कोण सांगणार? मी त्या आठवड्यात तिथे होते. मोटारबोट धक्क्यावरून सुटायची, वळसा घालायची, लाटा दगडांवर आपटायच्या. एका सकाळी दादानं मला हातानं खुणावलं. पाण्यावर तो लाल डाग आला होता. आम्ही दोघं लहान असल्यासारखे गप्प उभे राहिलो. बोट सुटली. दादा ‘‘आरं थांब, थांब!’’ म्हणून ओरडत धक्क्याच्या टोकापर्यंत पळाला. बोटीवरच्या लोकांना वाटलं, तो निरोप द्यायलाय. त्यांनी हात हलवले. बोट त्या डागावरून गेली, आणि मग पाण्यावर काहीच उरलं नाही. पिल्लांची माय तेवढी बराच वेळ तिथेच गोल गोल फिरत राहिली.

दादानं बोटींच्या मॅनेजरचे पाय धरले. अक्षरशः धरले, मी तिथे होते. म्हणाला, फक्त पावसाळाभर बोटी बंद ठेवा, मी फुकट काम करतो. मॅनेजर ओशाळला. म्हणाला, ‘‘काका, हाच तर आपला सीझन आहे. हिरवंगार बघायलाच लोक येतात.’’ वर म्हणाला, मासे काय, दुसरीकडं जातील.

दुसरीकडे म्हणजे पलीकडच्या ओढ्याला. खरंच, आता तेवढंच एक बाळंतिणीचं पाणी उरलं होतं. दादानं जॅकिटांचं आणि वैनीनं भांड्यांचं काम सोडून पुन्हा जाळं धरलं होतं, पण जाळी हलकी यायला लागली होती. चिलापी तेवढी मिळायची, मरळ दिसेना, रोहू दिसेना. गावातली काही घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळीत नाव घालून गेली. मुकादम आमच्या दारातही येऊन बसला, वैनी त्याच्यासाठी चहा टाकायला उठली नाही. दादा म्हणाला, ‘‘पल्याडचं पानी हाय तवर दम धरू. तिथून भरंल तळं.’’ ह्या एका आशेवर आमचं घर तगून होतं.

आणि मग बातमी आली की टप्पा दोन मंजूर झालाय. पलीकडच्या काठाला तंबू आणि झुलता पूल. तळं पूर्ण भरल्यावर पाणी कुठवर येतं ते बघायला साहेब ऐन पावसाळ्यातच येणार होते.

मासे तोलायच्या काट्यापाशी सगळे भोई जमले. या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांचं ते शेवटचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं: वापर दिसला की हात लावत नाही. मग वापर दाखवायचा. साहेब येतील त्या दिवशी पलीकडच्या पाण्यात जाळी टाकायची, तराफे उभे करायचे, खुंट ठोकायचे. एक दिवसाचा प्रश्न. मोठ्या घराची, रुंद भोकांची जाळी टाकू, म्हणजे लहानसहान काही अडकणार नाही, आणि अडकलंच तर सोडून देऊ. माय एकटी विरोधात होती. ‘‘एकदा शिरलात तर बाहीर निगनार न्हाईत,’’ म्हणाली. दादानं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. असता तर मी तो ओरडून सांगितला असता.

पहिल्या दिवशी दादा पाण्यात उतरला तेव्हा त्यानं आधी हात जोडले. मग जाळं सोडलं. त्याच्यामागे उभी असलेली म्हातारी माणसं दुसरीकडे बघत होती. साहेब त्या दिवशी आले नाहीत. जाळ्यात एक मरळ लागली, पोटानं जड झालेली. दादानं तिला दोन्ही हातांनी सोडवलं आणि गवताकडे तोंड करून सोडलं.

दुसऱ्या दिवशी कळलं, साहेब निघालेत. मग कळलं, गाडी जिंतूरलाच थांबली. मग कुणी म्हणालं मीटिंग लागली, मग म्हणालं उद्या नक्की. मी परभणीहून फोन करायचे तर कचेरीत एवढंच सांगायचे, कधीही येतील. आता ‘कधीही’चं काय करायचं? जाळी काढली आणि नेमके तेव्हाच आले तर? म्हणून जाळी रोज राहिली. मासे रोज चढायचे आणि रोज लागायचे. आधी सगळे सोडून द्यायचे. मग एक जण म्हणाला, दिवसभर पाण्यात भिजायचं आणि घरी चूल थंड, असं किती दिवस? त्याला कुणी काही बोलू शकलं नाही, कारण चुली खरंच थंड होत्या. त्यानं एक मरळ घरी नेली. दुसऱ्या दिवशी चौघांनी नेल्या. मग मोठ्या घराच्या जाळ्यांच्या जागी बारीक जाळी आली. खानावळीतला स्वयंपाकी फाटकाशी येऊन उभा राहायला लागला. अंड्यांवर आलेली मरळ पाहुण्यांना फार आवडते म्हणे. दादा भांडला. एका जवळच्या माणसाच्या अंगावर धावून गेला. आणि मग एका सकाळी वैनी त्याला म्हणाली, ‘‘आपुन सोडायलाव आन् शेजारचा धरायलाय. कुनासाठी सोडायलाव आपुन?’’ त्या दिवशी तो टोपली भरून घरी आला.

मी शनिवारी गेले तेव्हा वैनी विळीवर बसली होती. मासे चिरत होती आणि अंडी परातीत काढत होती. पिवळीधम्मक, परात भरून. आमच्या घरात अंड्यांवर आलेला मासा कधी कापलाच गेला नव्हता, म्हणून मला आधी कळेना की हे काय आहे. माय भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती त्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. मला चिडायचं होतं, पण चिडणार कुणावर? समोर माझाच भाऊ होता आणि तो पार वाळून गेला होता.

साहेब आले ते पाऊस उघडल्यावर. ओढ्याचा जोर ओसरला होता. तेच नम्र साहेब, थोडे जाड झालेले. पलीकडच्या काठावर त्यांनी खुंट पाहिले, तराफे पाहिले, उन्हात वाळत घातलेली जाळी पाहिली.

‘‘इथं मात्र तुमचं काम जोरात दिसतंय. सगळेच धरता का?’’

‘‘हौ साहेब,’’ दादा म्हणाला. ‘‘समदेच.’’

‘‘काय काय मिळतं?’’

दादा नावं सांगायला लागला. मरळ, वाम, रोहू, कटला, मृगळ, झिंगे. मधेच नावं तोडून तो वाळत घातलेल्या जाळ्यातलं गवत निवडायला लागला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘काळजी करू नका. बघा, मी म्हटलं होतं ना? वापर दिसला, आता ही जागा आम्ही सोडली. झुलता पूल दुसरीकडं घेऊ.’’ आणि त्यांनी शब्द पाळला. त्या काठाला आजवर कुणी हात लावलेला नाही. टाळ्या वाजवाव्यात असा दिवस होता तो, आणि आम्ही सगळे मान खाली घालून घरी गेलो.

तळं भरलं नाही. म्हणजे पाण्यानं भरलं, काठोकाठ. दसरा झाला तसा मुकादम पुन्हा येऊन बसला, आणि या खेपेला वैनीनं त्याला चहा दिला. भांडी, पत्रे, कोयता, सगळं तिनंच ट्रकमध्ये चढवलं. दादा मागच्या फळीला धरून उभा होता. ट्रक सुरू झाल्यावर तो वाकून म्हणाला, ‘‘बाई, आमी नसल्यावर पल्याड एक जाळं टाकत जावा कुनीतरी. रिकामं दिसलं तर परत म्हनतील, हितं कुनाचा वापर न्हाई.’’

‘कुणीतरी’ म्हणजे कोण? गावात आमच्यातल्या म्हाताऱ्याच उरल्या होत्या. मी मायला परभणीला चल म्हटलं. हातापाया पडले, रागावले. तिनं ऐकलं नाही. दादाचं एक जुनं जाळं तिनं उतरवून घेतलं, आणि आता रोज सकाळी ती काठी टेकत पलीकडच्या ओढ्यापर्यंत जाते, ते जाळं बाळंतिणीच्या पाण्यात सोडते आणि काठावर बसते. संध्याकाळ होईस्तोवर बसते. मी फोनवर ओरडले, ‘‘माय, टाकायचं तर टाक, पण तिथं उन्हात बसतेस कशाला?’’

‘‘चुकूनमाकून एखादी मरळ लागली तर सोडून द्यायला नको का गं कुनी?’’ ती म्हणाली.

अजून तरी तिला एकही सोडावी लागलेली नाही.